कोलंबिया विद्यापीठाचा तळमजला

न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे आणि ११० वा रस्ता एकमेकांना छेदतात त्या नाक्यावर कोलंबिया विद्यापीठाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली इमारत फुटपाथवरून जाणाऱ्याला विद्यापीठाची वाटत नाही. रस्त्यालगत दुकाने आहेत, त्यांच्यावरच्या मजल्यांत २००३ मध्ये सुरू झालेली, बालवर्गापासून आठवीपर्यंतची शाळा आहे, आणि शाळेच्या वर प्राध्यापकांची राहती घरे आहेत. शाळेतील निम्म्या जागा विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळतात आणि उरलेल्या निम्म्या आसपासच्या दोन शालेय जिल्ह्यांतील मुलांना सोडत काढून दिल्या जातात. दुकान, शाळा आणि घर अशी वेगवेगळी कामे एकाच बांधकामात वरखाली रचलेल्या अशा इमारतीला नगररचनेच्या परिभाषेत ‘मिश्र-वापराची इमारत’ म्हणतात, आणि गेल्या काही दशकांत मोठ्या शहरांतील विद्यापीठे असे बांधकाम नेमाने करू लागली आहेत. जागेचा पुरेपूर वापर आणि भाड्याचे उत्पन्न ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे खरी आहेत. परंतु कोलंबियापुरते बोलायचे तर ती अपुरी आहेत. इमारतीचा तळमजला कोणासाठी उघडा ठेवायचा, हा प्रश्न या विद्यापीठाला त्याच्या शेजाऱ्यांनी घातला, त्यासाठी आंदोलने केली, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, आणि आज काचेच्या दर्शनी भिंतीआड दिसणारी दुकाने व सार्वजनिक दालने ही बऱ्याच अंशी त्या भांडणाची फलश्रुती आहे.

ही संस्था १७५४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेने ‘किंग्ज कॉलेज’ या नावाने स्थापन झाली आणि मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाजवळ ट्रिनिटी चर्चने दिलेल्या जमिनीवर तिने आपली पहिली इमारत बांधली. स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८४ मध्ये, राजाचे नाव टाकून ती ‘कोलंबिया कॉलेज’ झाली. तिच्या पुढील इतिहासाला निर्णायक ठरलेली जमीन मात्र एका डॉक्टरच्या छंदातून तिच्याकडे आली. डेव्हिड होसॅक या वैद्यकाने १८०१ मध्ये शहराबाहेर, म्हणजे आजच्या पाचव्या ॲव्हेन्यूच्या पश्चिमेस, सुमारे २० एकर माळ विकत घेऊन तेथे औषधी वनस्पतींची ‘एल्गिन’ बाग उभारली. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि ॲरन बर यांच्यातील १८०४ च्या प्रसिद्ध द्वंद्वाच्या वेळी उपस्थित असलेला डॉक्टर तो हाच. बागेचा खर्च एकट्याला झेपेना, तेव्हा त्याने ती राज्य सरकारला विकली. आणि कॉलेजने सरकारकडे पैशाची मदत मागितली असता विधिमंडळाने १८१४ मध्ये रोख रकमेऐवजी ही बागच कॉलेजच्या पदरात टाकली. वस्तीपासून कित्येक मैल दूर असलेले ते खडकाळ रान मिळाल्याने कॉलेजचे विश्वस्त नाराज झाले. त्या नाराजीत गैर काही नव्हते, कारण पुढची काही दशके त्या जमिनीतून नाव घेण्याजोगे उत्पन्न आलेच नाही.

शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि चित्र पालटले. कॉलेज १८५७ मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यू आणि ४९ वा रस्ता येथे हलले, आणि जवळच्या त्या बागेच्या जमिनीचे लहान भूखंड पाडून ते भुईभाड्याने देण्यास त्याने सुरुवात केली. भुईभाड्याच्या या व्यवहारात जमीन मूळ मालकाकडेच राहते, भाडेकरू तिच्यावर स्वखर्चाने इमारत बांधतो, ठरलेल्या मुदतीपर्यंत वार्षिक भाडे भरतो, आणि मुदत सरल्यावर जमीन व बहुधा तिच्यावरील इमारतही मालकाकडे परत येते. कॉलेजने जमीन न विकता धरून ठेवली, हा त्याच्या आर्थिक इतिहासातला सर्वांत दूरदर्शी निर्णय म्हटला पाहिजे. १९२८ मध्ये या जमिनीचा मोठा भाग जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी वर्षाला तीस लाख डॉलरहून अधिक भाड्याने घेतला. तेथे मेट्रोपॉलिटन ऑपेराचे नवे नाट्यगृह बांधायचे ठरले होते. पण १९२९ च्या शेअरबाजारातील पडझडीनंतर ऑपेराने अंग काढून घेतले आणि भाड्याचा बोजा एकट्या रॉकफेलरांवर पडला. त्यांनी जुन्या दोनशेहून अधिक इमारती पाडून कचेऱ्या, रेडिओचे स्टुडिओ, नाट्यगृहे, दुकाने, बागा आणि भुयारी बाजार यांचा एकत्रित असा ‘रॉकफेलर सेंटर’ हा समूह उभा केला. १९३२ च्या डिसेंबरात उघडलेले रेडिओ सिटी म्युझिक हॉल त्यातलेच. अनेक उपयोगांचा एकजीव शहरी प्रकल्प म्हणून वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत ज्याचा दाखला हटकून दिला जातो, त्याच्याखालची जमीन १९८५ पर्यंत एका विद्यापीठाची होती, आणि त्या वर्षी ४० कोटी डॉलर घेऊन विद्यापीठाने ती रॉकफेलर कंपनीला विकली. कोलंबियाने येथे स्वतः एक वीटही रचली नाही. मात्र शहराची जमीन राखून ठेवल्यास ती किती पिढ्यांना पोसते, हा धडा विश्वस्तांनी येथे गिरवला.

बागेच्या जमिनीचे भुईभाडे येत असतानाच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विद्यापीठाचे स्वतःचे आवार नेमक्या उलट वृत्तीने घडत होते. अध्यक्ष सेथ लो यांनी संस्था मॅनहॅटनच्या वायव्येकडील मॉर्निंगसाइड हाइट्स या पठारावर नेण्याचे ठरवले. तेथे पूर्वी ब्लूमिंगडेल नावाचे मनोरुग्णालय होते. १८९६ मध्ये ‘विद्यापीठ’ हे बिरुद अंगीकारल्यावर पुढच्या वर्षी संस्था तेथे राहायला गेली. लो यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दहा लाख डॉलर देऊन घुमटाचे ग्रंथालय बांधले आणि पुढे ते न्यूयॉर्कचे महापौर झाले. विद्यापीठाच्या अधिकृत नावातही ‘न्यूयॉर्क शहरातील’ हे शब्द आहेत, आणि लो यांच्या मनातील विद्यापीठ शहराशी असे निगडित होते. वास्तुरचनाकार चार्ल्स मॅकिम यांनी काढलेल्या आराखड्यात मात्र उत्तरेकडील सगळा भाग उंच चौथऱ्यावर बसवलेला आहे. ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू किंवा ब्रॉडवेवरून चालणाऱ्याला बऱ्याच लांबीपर्यंत दगडी पायथा आणि त्यावर इमारतींची पाठ दिसते, कारण त्यांची तोंडे आतल्या चौकाकडे आहेत. आवाराच्या उत्तर व दक्षिण भागांमधून जाणारा ११६ वा रस्ता सुरुवातीला शहराचाच होता. १९५३ मध्ये शहराने तो नाममात्र किमतीला विद्यापीठाच्या स्वाधीन केला, आणि ज्यावरून एके काळी गाड्या जात होत्या तो रस्ता दोन्ही टोकांना लोखंडी दरवाजे असलेला पादचारी मार्ग झाला. थोडक्यात, या आवाराला रस्त्याच्या पातळीवरचा तळमजला जवळपास नव्हताच.

मराठी वाचकाला हे आवार एका वेगळ्या वाटेने ओळखीचे आहे. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा मॉर्निंगसाइडचे आवार अवघे सोळा वर्षांचे होते. आरंभी काही दिवस हार्टली हॉलमध्ये आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये मित्र नवल भथेना यांच्यासोबत ते राहिले. दोन्ही वसतिगृहे १९०५ मध्ये बांधलेली होती, आणि दुसऱ्याचे नाव आज वॉलक हॉल असे आहे. सेलिगमन, ड्यूई, गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या वर्गांत बसणारा आणि घुमटाखालच्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचणारा हा विद्यार्थी ज्या पठारावर राहत होता, त्याच्या पूर्वेकडे उंच कडा उतरून मॉर्निंगसाइड पार्क लागते आणि पार्कच्या पलीकडे हार्लेम सुरू होते. त्याच सुमारास, म्हणजे १९०४ नंतरच्या दशकात, हार्लेममध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती झपाट्याने वाढत होती. आंबेडकरांना ज्या संस्थेने जातीच्या अडसराविना शिकू दिले, त्याच संस्थेच्या पायथ्याशी अमेरिकेतील वर्णभेदाची सीमारेषा आखली जात होती. विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली, याचे महाराष्ट्राला योग्य अप्रूप आहे. त्यासोबत ही सीमारेषाही लक्षात घेतली, तर आंबेडकरांच्या विद्यापीठाचे चित्र अधिक खरे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सीमारेषेवर खरा ताण पडला. पठारावरील जुन्या अपार्टमेंट इमारतींचे मालक मोठी घरे फोडून एकेक खोली भाड्याने देऊ लागले होते. स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक असलेल्या या प्रकारच्या इमारतींत कमी उत्पन्नाची, पुष्कळदा कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकोहून आलेली माणसे राहत असत. मुंबईच्या चाळीची आठवण व्हावी असा हा राहण्याचा प्रकार होता. परिसर घसरत आहे, प्राध्यापक येथे यायला तयार होणार नाहीत, या धास्तीने कोलंबिया आणि शेजारच्या शैक्षणिक व धार्मिक संस्थांनी १९४७ मध्ये डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकाराने ‘मॉर्निंगसाइड हाइट्स’ नावाचे मंडळ स्थापन केले, आणि पुढच्या दोन दशकांत विद्यापीठाने एकामागून एक इमारती विकत घेऊन जुन्या भाडेकरूंना बाहेर काढले. काही इमारती पाडल्या गेल्या, काहींत विद्यार्थी व अध्यापक राहू लागले. ज्यांनी घर गमावले त्यांची संख्या हजारांत होती. कायद्याच्या चौकटीत झालेले हे काम होते, आणि तरीही ते अन्याय्य होते, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. शिक्षणाच्या नावाने शेजार रिकामा करणाऱ्या संस्थेने पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत अविश्वासाचे व्याज फेडले आहे.

या अविश्वासाचा भडका उडाला तो एका व्यायामशाळेवरून. मॉर्निंगसाइड पार्क हे ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या उद्यानरचनाकारांनी आखलेले सार्वजनिक उद्यान. त्यातील सुमारे दोन एकर जागा १९६१ मध्ये विद्यापीठाला भाडेपट्ट्याने देण्यात आली. कड्याच्या उतारावर उभ्या राहणाऱ्या या इमारतीत वरच्या अंगाने विद्यापीठाचे विद्यार्थी प्रवेश करणार होते, आणि हार्लेमच्या रहिवाशांना वापरायला मिळणारा लहानसा भाग तळाशी, पार्ककडून वेगळ्या दाराने उघडणार होता. नगररचनेच्या भाषेत हीदेखील मिश्र-वापराची इमारत होती, आणि त्या काळी ती शेजाऱ्यांना दिलेली उदार सवलत म्हणून मांडली गेली. सार्वजनिक उद्यानाच्या जमिनीवर मालकासारखे वरचे दार एकाला आणि मागचे, खालचे दार दुसऱ्याला, या मांडणीत दक्षिणेकडील राज्यांतील वर्णभेदी कायद्यांची छाया हार्लेमला लगेच दिसली; ते कायदे ‘जिम क्रो’ या नावाने ओळखले जात आणि आंदोलकांनी व्यायामशाळेच्या ‘जिम’शी त्यांची सांगड घालून घोषणा दिल्या. १९६८ च्या फेब्रुवारीत खोदकाम सुरू झाले. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. २३ एप्रिलला विद्यार्थी आवारात निषेधासाठी जमले, तेथून पार्कमधील खोदकामाच्या जागी गेले आणि परतून त्यांनी हॅमिल्टन हॉल ही आवारातील इमारत ताब्यात घेतली. व्हिएतनाम युद्धासाठी चालणाऱ्या संशोधनाशी विद्यापीठाचे असलेले संबंध हे आंदोलनाचे दुसरे कारण होते; तरी हॅमिल्टन हॉल अखेरपर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हाती राहिला आणि त्यांच्या पाठीशी हार्लेम उभे राहिले, ते या व्यायामशाळेमुळे. ३० एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी आंदोलकांच्या ताब्यातील पाच इमारती रिकाम्या केल्या, सुमारे सातशे जणांना अटक झाली, आणि वर्ष सरायच्या आत अध्यक्ष ग्रेसन कर्क पायउतार झाले.

व्यायामशाळेचा बेत सोडून द्यावा लागला. खोदलेला खड्डा पार्कमध्ये कित्येक वर्षे तसाच पडून होता, पुढे त्याचे तळे करून त्यावर धबधबा सोडण्यात आला. आणि विद्यापीठाने आपली व्यायामशाळा १९७० च्या दशकात स्वतःच्याच आवारात, जमिनीखाली बांधली. यानंतरची तीन दशके कोलंबियाने मोठा विस्तार टाळला. ११० व्या रस्त्यावरील शाळा-घरे-दुकानांची इमारत या काळाच्या शेवटी येते, आणि शाळेतील निम्म्या जागा सोडतीने शेजाऱ्यांना देण्याचा निर्णय त्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचा अर्थ लागतो: वरचे दार आणि खालचे दार हा भेद पुन्हा होऊ नये, याची ती खबरदारी होती.

खरी कसोटी लागली ती मॅनहॅटनव्हिलमध्ये. मॉर्निंगसाइडच्या उत्तरेस, १२५ व्या रस्त्याजवळ पठार एकदम खाली उतरते आणि तेथे भूमिगत रेल्वे काही अंतर पोलादी कमानीवरून उघड्यावर धावते. या खोलगट भागात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुधाची डेअरी, मोटारींचे कारखाने आणि गोदामे होती. अध्यक्ष ली बोलिंजर यांनी २००३ मध्ये येथील सुमारे १७ एकरांवर नवे आवार उभारण्याची योजना जाहीर केली. रहिवाशांच्या स्थानिक मंडळाने, ज्याला न्यूयॉर्कमध्ये कम्युनिटी बोर्ड म्हणतात, त्याच भागासाठी स्वतःचा आराखडा तयार केलेला होता. त्यात छोटे उद्योग व परवडणारी घरे टिकवण्यावर भर होता. मंडळाने विद्यापीठाच्या योजनेविरुद्ध कौल दिला, पण या मंडळांचा कौल सल्ल्यापुरताच असतो. नगर परिषदेने २००७ च्या डिसेंबरात योजनेला मंजुरी दिली आणि पुढच्या वर्षी राज्याच्या विकास महामंडळाने हा भाग बकाल ठरवून सक्तीच्या संपादनाचा मार्ग खुला केला.

सक्तीचे संपादन म्हणजे सार्वजनिक कामासाठी, मोबदला देऊन, मालकाच्या संमतीविना जमीन ताब्यात घेण्याचा सरकारचा अधिकार. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी तो वापरला गेला तर महाराष्ट्रातील वाचकाला नवल वाटणार नाही. खासगी विद्यापीठाच्या सोयीसाठी तो वापरता येतो का, हा येथे वादाचा मुद्दा होता. जमीन न विकणाऱ्यांत गोदामे भाड्याने देणारा एक व्यावसायिक आणि पेट्रोल पंप चालवणारे एक शीख कुटुंब होते. त्यांचे म्हणणे असे की परिसरातील बऱ्याचशा मिळकती विद्यापीठाने आधीच घेतल्या होत्या आणि बकालपणाचा दोष त्या रिकाम्या ठेवणाऱ्याकडेही जातो. शिवाय बकालपणाची पाहणी करणारी सल्लागार संस्था विद्यापीठासाठीही काम करत होती. २००९ च्या डिसेंबरात अपिलीय न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी संपादन बेकायदा ठरवले. २०१० च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि वर्षअखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. बकाल कशाला म्हणावे हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाने महामंडळाला दिलेला असताना न्यायालयाने त्यात किती डोकवावे, या प्रश्नावर विद्यापीठ जिंकले. नैतिक बाजू त्यामुळे निकालात निघाली असे समजण्याचे कारण नाही.

वाटाघाटीतून शेजाऱ्यांना जे मिळाले ते मात्र १९६८ च्या तुलनेत पुष्कळ होते. २००९ च्या मे महिन्यात पश्चिम हार्लेमच्या प्रतिनिधी संस्थेशी विद्यापीठाने ‘सामुदायिक लाभ करार’ केला. विकासकाने परिसराला काय द्यायचे हे लेखी बांधून घेणारा हा कराराचा प्रकार असून, येथे त्याचे मूल्य १५ कोटी डॉलर ठरले आणि त्यात परवडणाऱ्या घरांचा निधी, शाळेसाठी मदत व रोजगार यांचा समावेश होता. रचनेच्या बाजूनेही बदल दिसतो. रेंझो पियानो या इटालियन वास्तुरचनाकाराने आखलेल्या आराखड्यात वेस आणि कुंपण नाही; १३० वा, १३१ वा हे रस्ते शहराच्या मालकीचेच राहिले असून इमारती थेट त्यांच्यावर उघडतात. वाहनतळ, मालाची ने-आण आणि यंत्रसामग्री हे सगळे एका विस्तीर्ण सलग तळघरात नेल्यामुळे रस्त्याच्या पातळीवर नुसत्या भिंती आणि शटरे उरलेली नाहीत. त्यासाठी जमिनीखालचे पाणी अडवणारी काँक्रीटची जाड भिंत सभोवार उतरवावी लागली. २०१६ मध्ये समारंभपूर्वक खुले झालेले नऊ मजली जेरोम ग्रीन विज्ञान केंद्र हे यातले पहिले मोठे बांधकाम. सुमारे साडेचार लाख चौरस फुटांच्या या इमारतीत वरच्या मजल्यांवर मेंदूविषयक संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, आणि तळमजल्यावर रक्तदाब तपासून देणारे आरोग्य केंद्र, शाळकरी मुलांसाठी शिक्षणाची प्रयोगशाळा व खाण्यापिण्याची ठिकाणे आहेत. त्यानंतर लेन्फेस्ट कला केंद्र व फोरम सभागृह आणि २०२२ मध्ये व्यवस्थापनशाळेच्या दोन इमारती आल्या. १२५ व्या रस्त्यावर पियानो यांच्याच आराखड्यानुसार ३४ मजली निवासी मनोरा उभा राहिला, ज्याचे वरचे मजले अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि खालचे दुकाने व सार्वजनिक कामांसाठी आहेत. डेअरीची आणि स्टुडबेकर मोटार कंपनीची अशा दोन जुन्या इमारती मात्र जागच्या जागी जपल्या गेल्या. डेअरीत आता संगणकीय संगीताचे केंद्र चालते.

तळमजल्याच्या या खुलेपणाला मर्यादा आहेत आणि त्या हिशोबात धरायला हव्यात. न्यूयॉर्कमध्ये शैक्षणिक वापराच्या मिळकतींना मालमत्ता कर माफ आहे, मात्र दुकानासाठी भाड्याने दिलेल्या भागावर तो लागतो. शहरातील सुमारे ३२० मिळकतींसह कोलंबिया हे पत्त्यांच्या संख्येने सर्वांत मोठे खासगी जमीनमालक ठरल्यापासून या माफीवर जोरदार वाद चालू आहे. कोणते दुकान टिकेल आणि भाडे किती, हे विद्यापीठच ठरवते. घरभाडे वाढल्याने परिसर सोडणाऱ्यांच्या कामी आरोग्य केंद्र किंवा कलादालन फारसे येत नाही. जुन्या आणि नव्या आवारातील फरक २०२४ मध्ये उघडपणे समोर आला. गाझातील युद्धाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ३० एप्रिलच्या पहाटे पुन्हा हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, त्याच रात्री पोलिसांनी तो रिकामा केला, आणि ११६ व्या रस्त्याचे दरवाजे ओळखपत्र नसलेल्यांसाठी बंद झाले. १९५३ पासून तो रस्ता विद्यापीठाचा असल्यामुळे ते बंद करता आले. मॅनहॅटनव्हिलचे रस्ते शहराने हातचे सोडलेले नसल्यामुळे तेथील फुटपाथवरून विज्ञान केंद्राच्या दारापर्यंत जाण्यासाठी कोणालाही ओळखपत्र दाखवावे लागत नाही.